वरळी कोळीवाड्यातलं एक पत्रक: किनाऱ्यावरच्या वॉर्डात उमेदवाराने आधी काय मागावं

7 मार्च 2022 ला मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत या शहरात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक होते आणि स्थायी समिती, सभागृह यांचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. दिव्याचा खांब बंद पडला तर कोणाचं दार ठोठवायचं, हे लोकांना कळेनासं झालं आणि वॉर्ड ऑफिसातल्या खिडकीवरचा माणूस अचानक फार मोठा झाला. मधल्या काळात कोस्टल रोड खुला झाला, बेस्टचं भाडं दुप्पट झालं, सात मलजल प्रक्रिया केंद्रांची कामं सुरू झाली. सभागृहात यातल्या कशावरही वाद झाला नाही, कारण सभागृहच नव्हतं.

एवढ्या खंडानंतर एका किनारी वॉर्डात उभं राहणाऱ्या उमेदवाराने पत्रकावर पहिल्या ओळीत काय लिहावं, हा या प्रकरणाचा विषय. उमेदवार मी कल्पलेली आहे. कोळीवाड्यातलीच बाई आहे असं धरू. 227 पैकी 114 जागा महिलांसाठी राखीव असलेल्या शहरात हे सहज धरता येतं. पक्ष आणि चिन्ह सोडून देऊ. वॉर्ड मात्र खरा आहे, आणि तिथले वाद आणि आकडेही खरे आहेत.

जागा आहे वरळी कोळीवाडा आणि त्याच्या पाठची वरळी. महापालिकेच्या हिशोबात हा जी दक्षिण विभाग. टोकाला किल्ला, आत गोल्फादेवीचं देऊळ, जिथे आजही लोक कौल लावायला येतात. एका बाजूला वांद्रे–वरळी सागरी सेतू, दुसऱ्या बाजूने येऊन त्याला मिळणारा कोस्टल रोड, आणि मधल्या पाण्यातून होड्यांची ये-जा. पाठीमागे डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर काचेचे टॉवर, त्यांच्यामागे बीडीडी चाळी, गिरण्यांच्या जागेवरची ऑफिसं. एकाच वॉर्डात पार्किंगसाठी भांडणारा मतदार आहे आणि संडासाच्या रांगेत उभा राहणाराही.

नेहमीचं पत्रक

निवडणुकीत दाराखालून सरकवलेली पत्रकं जमवून ठेवली तर ती एकाच छापखान्यातून निघाल्यासारखी वाटतात. खड्डेमुक्त रस्ते, चोवीस तास पाणी, पूरमुक्त मुंबई, कोळीवाड्यांचं सीमांकन, मालमत्ता करात सवलत, सुशोभीकरण, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, व्यायामशाळा. किनारी वॉर्ड असला की त्यात "मच्छीमार बांधवांना न्याय" ही एक ओळ वाढते. आता "हवामान बदल" हा शब्दही शेवटून दुसऱ्या ओळीत दिसू लागला आहे.

यातलं खोटं काहीच नाही. पण प्राधान्यक्रम म्हणजे काय मागे राहणार तेही सांगणं, आणि ते कोणी सांगत नाही. दुसरी अडचण अशी की, यादीतल्या निम्म्या गोष्टी नगरसेवकाच्या हातातल्या नाहीत. कोळीवाड्याचं सीमांकन महसूल आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या, म्हणजे राज्य सरकारच्या अखत्यारीत येतं. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येईल, हे केंद्राच्या 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ठरतं. होड्यांच्या डिझेलवरच्या कराचा परतावा मत्स्यव्यवसाय खातं देतं. चाळी म्हाडा पाडते आणि म्हाडाच उभ्या करते. नगरसेवक या सगळ्यांना पत्र लिहू शकतो, शिष्टमंडळ नेऊ शकतो, फोटो काढू शकतो. निर्णय मात्र दुसरीकडे होतो.

महापालिकेतही नगरसेवकाचं बळ मोजकंच. 1888 च्या कायद्याने कामकाजाची चावी आयुक्ताकडे दिली आहे. नगरसेवकाच्या हातात अर्थसंकल्पावरचं मत, समित्यांमधल्या जागा, सभागृहातला प्रश्न, ठरावाची सूचना, प्रभाग समितीत अधिकाऱ्याला समोर बसवून विचारण्याचा हक्क, आणि थोडा निधी. हा निधी बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉकमध्ये जिरतो. मुंबईतले पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा बसवण्याचा खर्च कोणीतरी एकदा शांतपणे मोजायला हवा.

म्हणून आमच्या उमेदवारासाठी पहिला निकष असा ठरतो: जे पूर्णपणे महापालिकेचं आहे, ज्याची नोंदवही महापालिकेच्याच कपाटात आहे, ते वर. जे दुसऱ्याच्या दारात आहे ते खाली, आणि ते कोणाच्या दारात आहे हे नाव घेऊन लिहायचं. या निकषाने यादी लावली की कोस्टल रोड वर येत नाही, सीमांकनही येत नाही. वर येतं गटार.

भरती आणि नाल्याचं तोंड

मुंबईच्या पावसाळी गटारांची मूळ रचना तासाला 25 मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असेल तर. 1993 चा ब्रिमस्टोवॅड अहवाल, म्हणजे शहराच्या पावसाळी गटारांच्या सुधारणेचा आराखडा, ही क्षमता 50 पर्यंत न्या म्हणाला. तो अहवाल कपाटात होता आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मग समिती बसली, कामांना वेग आला, पंपिंग स्टेशनं बांधली गेली: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध. यातली दोन, लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर, वरळीतच आहेत. वरळीच्या उमेदवाराने पूरमुक्त मुंबई वगैरे बोलण्याआधी या दोन ठिकाणी जाऊन उभं राहावं.

काम कसं चालतं ते समजून घेण्यासारखं आहे. नाल्याचं तोंड समुद्रात उघडतं. समुद्राची पातळी तोंडाच्या वर गेली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत यायला लागतं, म्हणून दरवाजे बंद करतात. दरवाजे बंद झाले की वरून आलेलं पावसाचं पाणी नाल्यातच साचतं, आणि ते उपसून दरवाज्यापलीकडे टाकायला पंप लागतात. एकेक पंप सेकंदाला 6 हजार लिटर पाणी फेकतो. कागदावर चोख व्यवस्था आहे. प्रत्यक्षात तिचे चार कच्चे दुवे आहेत: नाल्यातला गाळ, जाळीला अडकणारा कचरा, पंपाची वीज, आणि दरवाजा वेळेवर पाडणारा माणूस.

वेळेचं गणित कोळीवाड्यात कोणालाही तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. अष्टमीची भरती भांगाची, पाणी फार चढत नाही, पौर्णिमा-अमावास्येची उधाणाची. म्हणजे साडेचार मीटरच्या वर जाणारी मोठी भरती मुंबईत दुपारीच गाठते, जेव्हा शाळा सुटायची-भरायची वेळ असते आणि अर्धं शहर कामावर असतं. त्या तासा-दोन तासांत जोराचा पाऊस आला तर पाणी तुंबणार, हे कोणत्याही सल्लागार कंपनीला विचारावं लागत नाही. पावसाळ्यातल्या अशा दिवसांची यादी महापालिका दरवर्षी आधीच जाहीर करते.

इथे उमेदवाराने द्यायचं वचन छोटं आहे आणि तपासता येण्यासारखं आहे. मोठ्या भरतीच्या प्रत्येक दिवशी दोन्ही पंपिंग स्टेशनांवर किती पंप चालू होते, कितीला सुरू झाले, दरवाजे कितीला पडले, वीज गेली का, जाळीतून किती कचरा निघाला, ही नोंद दर महिन्याच्या प्रभाग समितीत मागवायची आणि कोळीवाड्याच्या व चाळींच्या फलकावर लावायची. नोंदवही असतेच, ती बाहेर काढायची. नालेसफाईचंही तसंच. 2025 च्या मे महिन्यात मिठी नदीतल्या गाळाच्या कामांवरून आर्थिक गुन्हे शाखेने सुमारे 65 कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. नदीतून गाळ निघाला की नाही हे कागदावरून कळत नव्हतं, हा त्या प्रकरणाचा गाभा. त्याच महिन्याच्या 26 तारखेला पाऊस नेहमीच्या वेळेच्या दोन आठवडे आधी मुंबईत दाखल झाला आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौकातलं नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्याखाली गेलं. मेट्रो महापालिकेची नाही, पण वरच्या रस्त्यावरचं पाणी कुठे जातं हा प्रश्न महापालिकेचाच. नालेसफाईची मुदत 31 मे धरून चालणाऱ्या यंत्रणेला त्या दिवशी पावसाने पकडलं. म्हणून वचनात तारीखही हवी: वरळीतल्या नाल्यांचा पहिला गाळ मेच्या मध्यापर्यंत निघालेला असेल आणि काट्यावरच्या वजनाची पावती रहिवाशांना बघायला मिळेल.

टाळी पडेल असं हे वचन नाही. प्रचारफेरीत "दरवाजे कितीला पडले" ही घोषणा देता येत नाही. तरी पाच वर्षांनी बाईंना प्रश्न विचारता येईल असं हे एकमेव वचन आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ते पहिलं असावं.

मैला

दुसऱ्या क्रमांकावर काय घ्यावं यावर मतभेद होऊ शकतात. माझं मत मैल्याकडे जातं, आणि खरं सांगायचं तर पहिला आणि दुसरा क्रमांक एकच आहेत. मुंबईत पावसाचं पाणी आणि सांडपाणी वेगळ्या वाहिन्यांतून जावं अशी रचना इंग्रजांच्या काळापासून आहे. प्रत्यक्षात जिथे मलवाहिनी पोचली नाही तिथल्या वस्तीचा मैला नाल्यात जातो आणि नाला समुद्रात. जिथे पोचली तिथलाही बराचसा शेवटी समुद्रातच जातो: वरळीच्या केंद्रात आजवर चाळणी आणि रेती काढण्यापलीकडे फारशी प्रक्रिया न होता तो साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या बोगद्यातून खोल पाण्यात सोडला जातो. ही वरळीची सागरी वाहिनी 1999 मध्ये सुरू झाली. त्या वेळी ती मोठी सुधारणा होती, कारण त्याआधी मैला थेट किनाऱ्यालगत पडत असे.

आता शहरभर सात नवी प्रक्रिया केंद्रं होत आहेत: वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा. एकूण क्षमता दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर. सर्वांत मोठं वरळीचं, 500 दशलक्ष लिटरचं. 19 जानेवारी 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा सभागृहाची मुदत संपून दहा महिने झाले होते. कंत्राट असं की कंपनीने केंद्र बांधायचं आणि नंतर 15 वर्षं चालवायचंही. म्हणजे आज निवडून येणारा नगरसेवक, त्याच्यानंतरचा आणि त्याच्याही नंतरचा, तिघांच्या कारकिर्दीत हे एकच कंत्राट चालू राहणार.

वरळीच्या उमेदवारासाठी ही सोन्यासारखी जागा आहे, आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही. शहरातला सर्वांत मोठा मैलाप्रकल्प तुमच्या वॉर्डाच्या अंगणात. बांधतं महापालिकेचं कंत्राट, पैसा महापालिकेचा, देखरेख महापालिकेची. तो चालला तर किनाऱ्यावरचं पाणी सुधारणार, आणि कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीचा त्याच्याशी थेट संबंध. कोळीवाड्यात कोणालाही विचारा, पहिल्या पावसानंतर नाल्याच्या तोंडाशी पाणी कसलं असतं ते. मग "मच्छीमार बांधवांना न्याय" ही ओळ सोडून "नव्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला जाहीर होतील आणि प्रमाणात न बसलेल्या महिन्याचा दंड कंत्राटदाराच्या बिलातून कापला गेला का, हे मी विचारीन" असं का लिहू नये?

केंद्र बांधलं तरी नाल्यातला मैला केंद्रापर्यंत आपोआप जात नाही, तो अडवून मलवाहिनीत वळवावा लागतो. कोळीवाड्याच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला उंबऱ्यावर चढावं लागतं. तिथे मलवाहिनी टाकायची म्हणजे कोणाचं तरी अंगण चार दिवस खणलेलं राहणार, पाण्याची लाइन फुटणार, शेजारी-शेजारी वाद घालणार. इथे नगरसेवकाशिवाय चालत नाही. अभियंता नकाशा काढू शकतो, कोणाच्या पडवीखालून लाइन जाईल हे ठरवून आणणं त्याला जमत नाही. सार्वजनिक शौचालयांचंही तेच. नळ, दिवा, रात्री बायकांना जाता येईल अशी वाट, आणि टाकी उपसायची तारीख, हे सगळं वॉर्डाच्या पातळीवरचं काम आहे.

खांब क्रमांक आठ

आता कोस्टल रोड. पत्रकात तो खाली असावा असं म्हटलं, तरी वरळीत त्याच्याबद्दल न बोलता कोणी मत मागू शकत नाही. आणि लोकप्रतिनिधी नसताना शहरात काय होतं, ते या रस्त्याच्या एका तपशिलात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

मरीन ड्राइव्ह ते सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत 10.58 किलोमीटर, सुमारे 14 हजार कोटींचा खर्च, 111 हेक्टर भराव. 2018 च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं. 16 जुलै 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी रद्द केली, 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालवू दिलं. 2024 च्या मार्चमध्ये पहिला टप्पा खुला झाला, आणि 2025 च्या जानेवारीत सागरी सेतूशी जोडणी पूर्ण झाली. भरावाखाली किनाऱ्यालगतची खडपं गेली, जिथे बायका ओहोटीला कालवं काढायच्या. हा धंदा कुठल्याही परवान्यावर नोंदलेला नसतो, त्यामुळे नुकसानभरपाईच्या यादीत तो शेवटी येतो, आला तर.

खरी ठिणगी पडली ती जोडपुलाच्या खांबांवरून. क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेवरच पूल येणार होता, आणि आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर होतं. महापालिका म्हणत होती की समुद्रविज्ञान संस्थेने पाहून हे अंतर पुरेसं ठरवलं आहे. मच्छीमार म्हणत होते, किमान 160 मीटर हवं. त्यांचं म्हणणं समजायला होडीत उभं राहावं लागत नाही, थोडं चित्र डोळ्यासमोर आणलं तरी पुरे. खांबांतलं अंतर कागदावर मोजतात ते मध्यापासून मध्यापर्यंत. खांबाची जाडी आणि त्याच्या पायथ्याचं बांधकाम वजा केलं की मोकळी वाट कमी होते. ओढ आडवी असते, त्यामुळे होडी नाकासमोर जात नाही, तिरकी सरकत पुढे जाते. खांबावर आपटलेली लाट उलटी येते. वारा सुटला असेल, रात्र असेल, इंजिन अर्ध्यात बंद पडलं असेल, तर सावरायला जागा किती लागते हा प्रश्न आहे. निवांत दुपारी नकाशावर होडी किती रुंद दिसते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

2021 मध्ये मच्छीमारांनी होड्या घेऊन काम अडवलं. बैठका झाल्या, अहवाल झाले. अखेर डिसेंबर 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की मधला एक खांब, क्रमांक आठचा, काढून अंतर 120 मीटर करणार. आराखडा बदलला आणि त्या जागी धनुष्याकृती लोखंडी कमानीचा पूल आला. आज गाडीतून जाताना जी देखणी कमान दिसते ती हौसेने बसवलेली नाही. खांब काढल्यामुळे लांब झालेला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, पेलायला ती लागली.

या प्रसंगाकडे कोळ्यांचा विजय म्हणून बघता येतं, आणि तो होताही. मला त्यातली दुसरी बाजू जास्त टोचते. 60 मीटरचा आकडा आराखड्यात होता तेव्हा, 2018 मध्ये, सभागृह होतं, स्थायी समिती होती, वरळीतून निवडून आलेले नगरसेवक होते. प्रस्ताव मंजूर झाला. त्या वेळी कोणीतरी क्लीव्हलँड बंदरावर जाऊन "इथून तुमची होडी कशी बाहेर पडते ते दाखवा" असं विचारलं असतं, तर चार वर्षांनी, अर्धं काम झाल्यावर, खांब काढायची वेळ आली नसती. म्हणजे नगरसेवक नव्हते म्हणून घोळ झाला, एवढंच म्हणून सुटता येत नाही. नगरसेवक असतानाही घोळ झाला. निस्तरला गेला तो मात्र मंत्रालयात, कारण 2022 मध्ये दाद मागायला दुसरी जागाच उरली नव्हती.

उमेदवाराने यातून एकच गोष्ट पत्रकात घ्यावी असं मी म्हणेन: किनाऱ्यावरच्या कुठल्याही कामाचा प्रस्ताव समितीपुढे येण्याआधी त्याचा नकाशा मराठीत, अंतरं आणि खोलीसकट, मच्छीमार सोसायट्यांपुढे ठेवला जाईल, आणि त्यांची हरकत प्रस्तावाला जोडूनच जाईल. हे करायला कायदा बदलावा लागत नाही. समितीतल्या सदस्याने प्रस्ताव राखून ठेवा म्हटलं की पुरतं.

पैसा, आणि काय मागे ठेवायचं

2025-26 चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता, अनेक छोट्या राज्यांहून मोठा. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा भांडवली कामांसाठी. एवढा आकडा ऐकला की पत्रक लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो. पण जकात 2017 मध्ये गेली, तिच्या जागी राज्याकडून भरपाई येते. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे, आणि या निवडणुकीत ती मर्यादा 700 पर्यंत नेण्याची वचनंही निघाली. ठेवी मोडून मोठी कामं चालली आहेत. त्यात बेस्ट दरवर्षी हात पसरते. 9 मे 2025 पासून साध्या बसचं किमान भाडं 5 चे 10 आणि वातानुकूलित बसचं 6 चे 12 रुपये झालं, तरी तूट भरत नाही.

अशा वेळी जो उमेदवार करमाफीही देतो, फुकट पासही देतो आणि गटारंही दुप्पट करतो, त्याने निदान बेरीज दाखवावी. आमच्या उमेदवाराने करमाफीवर गप्प बसावं, असा माझा सल्ला. मतं जातील थोडी. वरळीच्या टॉवरवाल्यांना 700 फुटांच्या माफीशी देणंघेणं नाही, कोळीवाड्यातल्या बहुतेकांची घरं आधीच 500 च्या आत. मधल्या मध्यमवर्गीय सोसायट्यांतून नाराजी येईल, ती सोसावी.

बसबद्दल मात्र बोलावं. कोस्टल रोडवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. म्हणजे ज्याच्याकडे चारचाकी नाही त्याला या रस्त्यावरून जायचं तर बस हाच मार्ग. शहराच्या 14 हजार कोटींच्या रस्त्यावर बेस्टच्या किती फेऱ्या धावतात, हा प्रश्न वरळीच्या नगरसेवकाने प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी विचारावा. उत्तर लाजिरवाणं आहे हे त्या रस्त्याकडे दहा मिनिटं बघत उभं राहिलं तरी कळतं.

सीमांकन, डिझेल परतावा, जेट्टी, बीडीडीचा ताबा या गोष्टी पत्रकाच्या मागच्या बाजूला, एका चौकटीत याव्यात. प्रत्येकीपुढे खातं आणि अधिकाऱ्याचं पद, आणि "यासाठी मी पाठपुरावा करीन, निर्णय माझा नाही" असं स्वच्छ. प्रचारातले जाणते लोक यावर डोक्याला हात लावतील. "निर्णय माझा नाही" हे छापून कोणी मतं मागतं का? पण कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना ते आधीपासून ठाऊक आहे. सीमांकनाची वचनं त्यांनी इतक्या निवडणुकांत ऐकली आहेत की आता कोण ते वचन देत नाही, याकडेच लक्ष जाईल.

मासळीच्या धंद्यातला महापालिकेचा वाटा त्यात हरवता कामा नये. बाजारात बसणाऱ्या कोळणीचा परवाना, ओटा, पाण्याचा नळ, दिवा, कचरा उचलायची वेळ, धक्क्याजवळचं शौचालय: हे महापालिकेचं, हे पुढच्या पानावर. बर्फ, डिझेल, जाळी: हे मागच्या. पहाटे मासळी उतरते आणि कचऱ्याची गाडी उन्हं चढल्यावर येते, तोवर आतडी-खवले ओट्यापाशी पडून, ही तक्रार सोडवायला मंत्री लागत नाही. गाडीच्या फेरीची वेळ बदलावी लागते, आणि ते वॉर्ड ऑफिसातल्या एका टेबलावर ठरतं.

हवामान बदलाची ओळ? मार्च 2022 मध्ये मुंबईने स्वतःचा हवामान कृती आराखडा काढला, 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट त्यात आहे. 2024 पासून अर्थसंकल्पासोबत हवामानाच्या खर्चाचा अहवालही निघतो. उमेदवाराने त्यातलं जी दक्षिणच्या वाट्याचं पान शोधावं आणि खर्च झाला का ते विचारावं. बाकी समुद्र वाढतोय, हे वरळीत वेगळं सांगावं लागत नाही. उधाणाच्या दिवशी तो शहराने दिलेला सगळा प्लास्टिक कचरा सी फेसच्या कठड्यावरून परत रस्त्यावर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सफाई कामगार तो गाड्यांनी भरून नेतात.

एवढं सगळं मांडल्यावर पत्रक किती लांब होतं? पुढच्या पानावर चार ओळी: पंपांची नोंद फलकावर, प्रक्रिया केंद्राच्या पाण्याचे आकडे, किनाऱ्यावरच्या प्रस्तावांचे नकाशे आधी सोसायटीपुढे, बाजार-धक्का-शौचालयांची देखभाल. पाचवी ओळ बसची. मागच्या पानावर चौकट. फोटोला जागा उरते, हात जोडलेला असतोच.

आणि निवडून आल्यावर पहिल्या प्रभाग समितीच्या बैठकीत विचारायचा पहिला प्रश्न पर्जन्यजलवाहिनी खात्याला: गेल्या पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती गेलेल्या दिवशी क्लीव्हलँड बंदरचे दरवाजे किती वाजता पडले, आणि त्या वेळी किती पंप चालू होते?